लोह चढवलेली बेंटोनाइट: आर्सेनिकसाठी बनवायची कशी, जोखायची कशी

खाणीतून आलेली बेंटोनाइट ही फुगणारी माती, पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायला तशीच पाण्यात टाकली तर जवळजवळ काहीच होत नाही. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या काळ्या रेगूर मातीला पावसात फुगवणारी आणि उन्हाळ्यात भेगा पाडणारी खनिजं याच कुळातली. या खनिजाच्या थरांत काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून प्रत्येक थरावर कायमचा ऋणभार असतो. शिसं, कॅडमियम असे धनभारित आयन ही माती छान धरते. आर्सेनिक मात्र भूजलात धनभारित नसतंच. आर्सेनेट म्हणजे पंचसंयुजी रूप ऋणभारित असतं, त्याला माती दूर लोटते. आर्सेनाइट म्हणजे त्रिसंयुजी रूप पीएच ९ च्या खाली बहुतांशी भाररहित असतं, त्याचं मातीला काही सोयरसुतक नसतं.

काम करतं ते लोह. लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट सुटतात आणि त्या जागी आर्सेनिक थेट लोहाशी बांधलं जातं. भाराच्या ओढीने नुसतं चिकटण्यापेक्षा हा बंध कितीतरी घट्ट. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातल्या गाळात आर्सेनिक मुळात असंच लोहाला धरून बसलेलं होतं. जमिनीखाली ऑक्सिजन संपला, सेंद्रिय द्रव्यावर जगणाऱ्या जिवाणूंनी लोहाचं क्षपण केलं, लोह विरघळलं आणि धरलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं झालं. मुर्शिदाबाद, नदिया, मालदा, उत्तर आणि दक्षिण २४ परगणा, पुढे बिहारात भोजपूर, बक्सर, उत्तर प्रदेशात बलिया, सगळीकडे साधारण हीच गोष्ट. आपण बादलीत करतो ते याच्या उलट. हे ध्यानात ठेवलं की वापरलेल्या मातीचं काय करू नये हेही आपोआप कळतं. त्याकडे शेवटी येतो.

मग माती कशाला, नुसतं लोहच का नाही? नुसतं ताजं लोह हायड्रॉक्साइड म्हणजे चिकट लगदा. निथळत नाही, गाळताना कागद चोंदतो. माती त्याला पसरायला जागा देते, कण वेगळे ठेवते आणि स्वस्त असते. मातीचं काम एवढंच. बदल केलेल्या मातीचे इतरही प्रकार आहेत, त्यांचा हिशेब लगेच उरकतो. नुसत्या आम्लाने तापवलेल्या मातीचं पृष्ठफळ वाढतं, भार ऋणच राहतो. हेक्झाडेसिलट्रायमिथाइल अमोनियमसारखा सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) जास्त प्रमाणात चढवला तर पृष्ठभाग धनभारित होतो आणि आर्सेनेट धरतो खरा, पण सल्फेट आणि बायकार्बोनेट त्याला सहज हुसकावतात, शिवाय सर्फॅक्टंट थोडाथोडा पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यासाठी तो मार्ग सोडून द्यावा. थरांमध्ये लोहाचे खांब उभारायची पद्धत वाचायला आकर्षक आहे, पण अ‍ॅल्युमिनियमचे खांब जसे एकसारखे होतात तसे लोहाचे होत नाहीत. बरंचसं लोह शेवटी बाहेरच ऑक्साइड होऊन बसतं. त्यापेक्षा सरळ लेप चढवणं बरं.

बनवायची कृती

१०० ग्रॅम मातीसाठी १० ग्रॅम लोह हे प्रमाण सुरुवातीला ठीक. कच्छ किंवा बाडमेरची बेंटोनाइट चालते. शेतातली काळी माती वापरू नका. तिच्यात चुना आणि सेंद्रिय द्रव्य असतं.

५ लिटर पाणी जोरात ढवळत ठेवा आणि त्यावर माती थोडीथोडी भुरभुरा. मातीवर पाणी ओतलंत तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या दुसऱ्या दिवशीही फुटत नाहीत. रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा ढवळून पाचेक मिनिटं थांबा आणि वरची खळ दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. १० सेंटीमीटर खोलीतून २० मायक्रॉनपेक्षा मोठे कण एवढ्या वेळात खाली बसतात, म्हणजे रेती मागे राहते. खळ याहून दाट ठेवली तर ती जेलीसारखी होते आणि रेती तिच्यातच अडकते. मागे उरलेली रेती वाळवून तिचं वजन करा आणि सुरुवातीच्या मातीतून वजा करा, पुढचा हिशेब उरलेल्या मातीवर.

फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट असेल तर ४८.४ ग्रॅम घ्या, त्यात १० ग्रॅम लोह असतं. निर्जल फेरिक क्लोराइडचे २९ ग्रॅम पुरतात. बाटलीवर काय लिहिलंय ते नीट बघा, कारण इथे गफलत झाली तर लोह दीडपटीहून अधिक वा दोन तृतीयांशाहून कमी पडतं. निर्जल प्रकार पाण्यात टाकताना चांगलाच तापतो, गॉगल घाला. हे अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून खळीत ओता. पीएच २ च्या आसपास उतरतो. या आम्लात माती रात्रभर ठेवू नका, तिचं अ‍ॅल्युमिनियम सुटायला लागतं. तासाभरात पुढची पायरी सुरू करा.

आता १ मोलर कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम. लोहाच्या एका मोलला तीन मोल सोडा लागतो, या हिशेबाने सुमारे ५४० मिलिलिटर. तो थेंबथेंब, जोरात ढवळत घाला. घाईने ओतला तर जिथे पडतो तिथे नुसत्या लोहाच्या तपकिरी गुठळ्या होतात, मातीवर लेप बसत नाही. बराच वेळ पीएच हलतच नाही, कारण सोडा लोहाकडे जात असतो. ४ ओलांडला की झपाट्याने चढतो, तेव्हा आणखी सावकाश घाला. ७ ते ७.५ ला थांबा, अर्धा तास ढवळा, पीएच पुन्हा उतरला असेल तर नेमका करा. ९ च्या पुढे गेलात तर घाबरून आम्ल ओतू नका. नुसतं धुतलं तरी उतरतो.

मग धुणं. यात सगळ्यात जास्त आळस होतो. या अभिक्रियेत ३१ ग्रॅमच्या आसपास मीठ तयार होतं. निवळू द्या, वरचं पाणी काढा, नवं घाला, असं करत धुवणाची वाहकता ५० ते १०० मायक्रोसीमेन्सपर्यंत येऊ द्या. लेप नीट बसला असेल तर माती पटकन गोळा होऊन खाली बसते आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. मीठ निघून गेल्यावर पाणी गढूळ होऊन बसेनासं झालं, तर समजा की बरीच माती लेपाविना राहिली आहे.

वाळवायची ती ६० अंशांवर, फार तर ८०. भट्टीत लाल होईपर्यंत भाजू नका. ताजं लोह हायड्रॉक्साइड म्हणजे फेरिहायड्राइट. त्याचं पृष्ठफळ ग्रॅमला २०० चौरस मीटरच्या वर असतं. उष्णतेने त्याचं हेमेटाइट होतं, रंग विटेसारखा सुंदर येतो आणि आर्सेनिक धरायच्या जागा बऱ्याच नाहीशा होतात. रंग गडद तपकिरी हवा.

शेवटी वजन करा. १० ग्रॅम लोहाचं ऑक्सिहायड्रॉक्साइड सुमारे १६ ग्रॅम होतं, म्हणजे १०० ग्रॅम मातीचे ११६ ग्रॅम यायला हवेत. १४० च्या पुढे गेलं तर मीठ धुतलं गेलेलं नाही किंवा माती ओली आहे. शंभरच्या खाली आलं तर धुताना माल वाहून गेला. दोन मिनिटांची ही तपासणी महागड्या उपकरणाचं बरंच काम वाचवते.

क्षमतेचा आकडा

आता मुख्य तक्रार. प्रत्येक शोधनिबंधाच्या सारांशात कमाल क्षमता दिलेली असते: ग्रॅमला अमुक मिलिग्रॅम. हा आकडा लँगम्यूर समीकरणातून येतो (पाण्यात किती आर्सेनिक उरलं असता माती किती धरते, हे सांगणारं समीकरण) आणि तो पृष्ठभाग पूर्ण भरल्यावरचा असतो. म्हणजे पाण्यात त्या वेळी दहा-वीस मिलिग्रॅम आर्सेनिक शिल्लक असतं. भारतीय मानक आयएस १०५०० आपल्याला लिटरला ०.०१ मिलिग्रॅमवर, म्हणजे १० मायक्रोग्रॅमवर आणून सोडतं. त्या टोकाला माती किती धरते, हा प्रश्न वेगळाच आहे.

एक उदाहरण मांडू. समजा मातीची कमाल क्षमता २० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आणि लँगम्यूर स्थिरांक २ लिटर प्रति मिलिग्रॅम. १० मायक्रोग्रॅमवर तिची क्षमता होते २० × ०.०२ ÷ १.०२, म्हणजे ०.३९ मिलिग्रॅम. पन्नासावा भाग! घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर पाणी लागतं आणि त्यात २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे असं धरा. रोज ३.८ मिलिग्रॅम काढायचं. बादलीत माती ढवळून काढायचं तर रोज सुमारे १० ग्रॅम, वर्षाला साडेतीन किलो. सारांशातला आकडा धरून हिशेब केला असता तर ७० ग्रॅममध्ये वर्ष निघालं असतं. ७० ग्रॅमवर विसंबलेल्या घराला जेमतेम आठवडाभर शुद्ध पाणी मिळेल.

कॉलममध्ये, म्हणजे माती भरलेल्या उभ्या पाइपातून पाणी सोडलं तर, हे गणित बदलतं. बादलीत माती शुद्ध झालेल्या पाण्याशी समतोलात येते, कॉलममध्ये वरचा थर येणाऱ्या घाण पाण्याशी. २०० मायक्रोग्रॅमशी समतोलात तीच माती २० × ०.४ ÷ १.४, म्हणजे ५.७ मिलिग्रॅम धरते, बादलीच्या चौदापट. कागदावर वर्षाला पाव किलो पुरते. प्रत्यक्षात आर्सेनिकची आघाडी सरळ रेषेत सरकत नाही, खालचा भाग पुरता भरायच्या आधीच १० मायक्रोग्रॅमची रेषा ओलांडली जाते, त्यामुळे निम्मी क्षमता हाती लागली तरी बरं. तरीही कॉलमच फायद्याचा.

हे सगळं शुद्ध पाण्यातलं. खऱ्या भूजलात फॉस्फेट असतं, आणि फॉस्फेट हे आर्सेनेटचं जुळं भावंड. आकार तोच, भार जवळजवळ तोच, जागाही तीच हवी. लिटरला १ मिलिग्रॅम फॉस्फरस म्हणजे ३२ मायक्रोमोल. २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक म्हणजे २.७ मायक्रोमोल. एका आर्सेनिकमागे बारा फॉस्फेट रांगेत. सिलिका एवढी घट्ट बसत नाही, पण ३० मिलिग्रॅम सिलिका म्हणजे ५०० मायक्रोमोल, आणि पीएच ८ च्या पुढे तिचा त्रास बराच वाढतो. सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट यांची लोहापुढे फारशी मात्रा चालत नाही.

म्हणून चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यात करूच नये. बंगालच्या भूजलाच्या जवळ जाणारं पाणी प्रयोगशाळेत सहज बनतं. लिटरला सोडियम बायकार्बोनेट ४२० मिलिग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २९४, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १२३, सोडियम मेटासिलिकेट नोनाहायड्रेट १४२ आणि डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ५.६ मिलिग्रॅम. सिलिकेट आधी, भरपूर पाण्यात विरघळवा. घट्ट द्रावणं एकत्र केली तर कॅल्शियमबरोबर साका बसतो. शेवटी हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.२ करा आणि त्याच दिवशी वापरा. उघडं ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, चुना खाली बसतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही वेगळ्याच पाण्यावर प्रयोग करत असता. आर्सेनिकचं द्रावण हातमोजे घालून, प्रयोगशाळेतच. हे घरी करायचं काम नव्हे.

आर्सेनाइट आणि क्लोरीन

खोल कूपनलिकेचं ऑक्सिजनविरहित पाणी असेल तर आर्सेनिकचा मोठा वाटा आर्सेनाइट असतो. लोह आर्सेनाइटही धरतं, पीएच ८-९ ला तर चांगलं धरतं, पण उदासीन पाण्यात फॉस्फेट-सिलिकाच्या गर्दीत आर्सेनेट करून घेणं बहुधा किफायतशीर पडतं. नुसती हवा देऊन हे होत नाही, दिवसच्या दिवस लागतात. क्लोरीन लागतो १ मिलिग्रॅम आर्सेनिकला ०.९५ मिलिग्रॅम, म्हणजे २०० मायक्रोग्रॅमला नगण्य. पण त्याच पाण्यात ५ मिलिग्रॅम विरघळलेलं लोह असेल तर ते एकटं ३.२ मिलिग्रॅम क्लोरीन खातं. अमोनिया असेल तर क्लोरीनचं क्लोरामाइन होतं आणि ते आर्सेनाइटच्या बाबतीत अगदी मंद असतं. त्यामुळे डोस ठरवायचा तो पंधरा-वीस मिनिटांनंतर थोडा मुक्त क्लोरीन उरतो की नाही ते पाहून. ऑर्थोटोलिडीनचा पिवळा रंग क्लोरामाइनमुळेही येतो, म्हणून मुक्त क्लोरीन वेगळा दाखवणारी डीपीडी गोळी वापरा. पोटॅशियम परमँगनेटही चालतं, १ मिलिग्रॅमला १.४ मिलिग्रॅम, जास्त पडलं की पाणी गुलाबी.

पाण्यातलं स्वतःचं लोह मात्र शत्रू नाही. हवा देऊन, निवळून, वाळूतून गाळलं तर ते जाता जाता आर्सेनिकचा बराच भाग घेऊन जातं आणि आपल्या मातीचं आयुष्य वाढतं. ही पायरी वगळली तर तोच गंज कॉलमच्या डोक्यावर साचून प्रवाह बंद करतो.

दाणे आणि कॉलम

बेंटोनाइटची भुकटी कॉलममध्ये भरून पाहण्याच्या भानगडीत पडू नका. फुगलेली बेंटोनाइट धरणांत आणि कचराभूमीत पाणी अडवायला वापरतात. दाणे हवेत.

बहुतेक जण आधी लोह चढवतात, मग दाणे वळून भाजतात. क्रम उलटा हवा. माती पाण्यात विरघळू नये म्हणून दाणे ७०० ते ८०० अंशांवर भाजावे लागतात आणि त्या तापमानाला लोहाचं हेमेटाइट ठरलेलंच. तेव्हा आधी कोरी माती भाजा, लोह नंतर. नुसती बेंटोनाइट वाळताना फार आकसते आणि तडकते, म्हणून निम्मी केओलिन किंवा वीटमाती मिसळा. वजनाच्या १० ते २० टक्के बारीक दळलेलं भाताचं तूस घाला, ते जळून छिद्रं ठेवतं. भाजून, कुटून, ०.५ ते १ मिलिमीटरचा माल चाळून घ्या आणि धूळ धुऊन टाका. हे दाणे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात तासभर बुडवा, निथळा, सौम्य कॉस्टिकमध्ये पीएच ७.५ पर्यंत आणा, धुवा, ६० अंशांवर वाळवा. दोन-तीन वेळा हेच. सुटा गंज प्रत्येक वेळी धुऊन काढा, नाहीतर पहिले कित्येक लिटर पाणी लाल येतं. लोह भुकटीपेक्षा कमी चढतं, क्षमताही कमी. त्या बदल्यात पाणी वाहतं.

१ लिटर दाण्यांच्या थराला १० मिनिटांचा संपर्ककाळ दिला तर प्रवाह मिनिटाला १०० मिलिलिटर, तासाला ६ लिटर. ७ सेंटीमीटर आतील व्यासाच्या पाइपात हा थर २६ सेंटीमीटर उंच होतो. खाली वर प्रतवार वाळू, थराच्या वर नेहमी दोन बोटं पाणी. निर्गम नळी थराच्या वरच्या पातळीपर्यंत उचलून घेतली की थर कधीच कोरडा पडत नाही. कोरडा पडला तर हवा अडकते, पाणी एकाच वाटेने धावतं आणि क्षमता शिल्लक असूनही आर्सेनिक खाली उतरतं. प्रवाह अचानक वाढला तर खूश होऊ नका, बहुधा वाट फुटलेली असते.

मोजणी

फील्ड किटमध्ये जस्त आणि आम्लाने आर्सिन वायू सोडतात आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पाहतात. हे उघड्यावर करा, आर्सिन विषारी आहे. ५० मायक्रोग्रॅमच्या वर किटचा भरवसा धरता येतो. १० च्या आसपास डोळ्याने फरक करणं अवघड. तिथे प्रयोगशाळा हवी, आयसीपी-एमएस किंवा हायड्राइड जनरेशन ए.ए.एस. (दोन्ही अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारी यंत्रं). नमुना नायट्रिक आम्लाने पीएच २ खाली आणून पाठवा, नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीवर बसतं आणि आर्सेनिकला सोबत नेतं.

नमुने दोन घ्या: एक ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेला, एक न गाळलेला. गाळलेल्यात ४ आणि न गाळलेल्यात ३० मायक्रोग्रॅम आले, तर अधिशोषण, म्हणजे मातीचं आर्सेनिक धरणं, उत्तम चाललंय आणि आर्सेनिक लादलेली मातीच लोकांच्या ग्लासात जातेय. अहवालात फक्त पहिला आकडा छापला जातो, हे फार ठिकाणी दिसतं.

आपल्याकडे

दख्खनच्या बेसॉल्टातल्या भूजलात आर्सेनिक हा सहसा प्रश्न नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे प्रश्न फ्लोराइडचा आहे आणि त्यावर लोहाची माती जवळजवळ निरुपयोगी. तिथे अ‍ॅल्युमिनियमवर आधारित माध्यम लागतं. पण गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातल्या कौडीकसात आर्सेनिक आहे, १९९९ पासून ते प्रसिद्ध आहे. तिथलं आर्सेनिक त्रिभुज प्रदेशातल्या गाळाचं नाही, जुन्या ज्वालामुखी खडकांचं आहे. बंगालसाठी ठरवलेला डोस तिथे तसाच उचलू नये, आधी फॉस्फेट, सिलिका आणि लोह मोजावं.

कोकणातल्या वाचकाला जांभा आठवेल. बरोबर आठवला. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं निसर्गानेच भरलेली असतात. खरगपूरच्या आयआयटीत सिरशेंदू डे यांच्या गटाने लॅटराइटवर, म्हणजे जांभ्यावर, आधी आम्लाची, मग अल्कलीची प्रक्रिया करून पश्चिम बंगालमध्ये फिल्टर चालवले आहेत. कच्चा जांभा कुटून भरला तर क्षमता बेताचीच मिळते, आणि दोन खाणींचा जांभा सारखा नसतो.

वापरलेली माती

सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येते, ४ टक्के कॉस्टिकमध्ये बरंच आर्सेनिक सुटतं. पण मग हातात घट्ट आर्सेनिकचं क्षारीय पाणी उरतं, ते मातीपेक्षा जास्त धोक्याचं. मातीतली सिलिकाही प्रत्येक वेळी थोडी विरघळते. घरगुती पातळीवर हे करूच नये.

शेणखताच्या ढिगात, शोषखड्ड्यात, तळ्याच्या कडेला किंवा ओल्या पिशवीत बांधून जमिनीत, यांपैकी कुठेही ती टाकू नका. तिथे ऑक्सिजन संपतो, लोहाचं क्षपण होतं आणि बंगालच्या गाळात जे घडलं ते छोट्या प्रमाणात पुन्हा घडतं. धोकादायक कचऱ्यातून किती विष सुटतं ते पाहणारी टीसीएलपी चाचणी १८ तासांची आणि हवेशीर असते, म्हणून अशी माती त्यात सहज पास होते. कुजत्या ढिगात काय होईल ते ती सांगत नाही. पूर्ण वाळवून, सिमेंटमध्ये घट्ट मिसळून, पाण्याचा संपर्क येणार नाही अशा जागी वापरणं किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे देणं, हे दोनच मार्ग ठीक. कॉलम चार-सहा आठवडे बंद राहणार असेल तर तोही पाण्याने भरून ठेवू नका. निथळून, झाकण काढून वाळू द्या. पुन्हा सुरू करताना खालून वर पाणी सोडून हवा काढा आणि पहिले दहा लिटर फेकायच्या आधी त्यातला एक नमुना तपासायला ठेवा.